पहिला घास जिवंत हवा

पेण-अलिबागच्या खारेपाटात जिताड्याचा मान वेगळा. व्याही आले, जावई आला की गावतळ्यात जाळं पडतं. खाडीत जन्मणारा हा मासा गोड्या पाण्यातही मजेत वाढतो. त्यामुळे पावसाळ्यात खाडीतून बोटभर पिल्लं धरायची, तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षं वाट बघायची, ही इथली जुनी पद्धत. पिल्लं मिळतील तेवढी मिळतील, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात बघू.

हा हिशेब बदलला 1997 साली. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेत, म्हणजे सीबामध्ये, भारतात पहिल्यांदा जिताड्याची बंदिस्त पैदास जमली. अंडी मिळवणं हा त्यातला भाग अवघड खराच, पण एक मादी एका विणीत लाखांनी अंडी देते. खरा घोर त्यानंतर लागतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचं. त्याला धड तोंडही नसतं. पोटाला चिकटलेल्या बलकाच्या पिशवीवर ते दोन-तीन दिवस काढतं. मग तोंड उघडतं, आणि नेमका तेव्हाच बलक संपत आलेला असतो. या संधीकाळात योग्य मापाचं खाणं तोंडासमोर आलं नाही, तर पिल्लू इतकं दुबळं होतं की नंतर ताट वाढून ठेवलं तरी खात नाही. हॅचरीच्या टाकीत सकाळी लाखभर पिल्लं आणि दोन दिवसांनी तळाशी पांढरट गाळ, हे दृश्य मत्स्यबीज तयार करणाऱ्या कुणालाही नवीन नाही.

आता कुणी म्हणेल, बारीक भुकटी टाका की! मोठ्या माशांना गोळीखाद्य चालतं, तर पिल्लांना पावडर का चालू नये? एक तर या वयात पिल्लाला जठरच नसतं. पचनसंस्था अर्धवट असते, कोरडं खाद्य तिला झेपत नाही. दुसरं म्हणजे पिल्लू नजरेनं शिकार करतं. समोरचं काही हललं, तरच ते झडप घालतं. भुकटी हलत नाही, तळाशी बसते आणि पाणी नासवते. जिवंत खाद्य पाण्यात तरंगत राहतं, वळवळतं आणि खाल्लं गेलं नाही तरी निदान काही तास जिवंत असतं. म्हणून मासे वाढवणाऱ्याला आधी माशाचं खाणं वाढवावं लागतं, आणि ते खाणं जिवंत असल्यामुळे त्याचंही खाणं वाढवावं लागतं.

या खाण्याची उतरंड मापानं ठरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जिताड्याच्या पिल्लाला सुरुवातीला रोटिफर देतात, म्हणजे शंभर ते तीनशे मायक्रॉनचे चक्रधर जीव. आठ-दहा दिवसांनी पिल्लाचं तोंड मोठं झालं की आर्टेमियाची पाळी येते. खारट पाण्यातला हा कवचधारी जीव, कोळंबीचा लांबचा नातलग. ताजी जन्मलेली नारिंगी आर्टेमिया चारशे ते पाचशे मायक्रॉनची असते. कोळंबीच्या हॅचरीतही तोच क्रम: आधी एकपेशीय शेवाळ, मग ‘मायसिस’ अवस्थेपासून आर्टेमिया. गोड्या पाण्यातल्या महाकोळंबीची पिल्लंसुद्धा निमखाऱ्या पाण्यातच वाढतात आणि महिनाभर आर्टेमियावर पोसली जातात. आज ताटात येणाऱ्या पाळीव कोळंबीच्या मागे कुठेतरी हा नारिंगी ठिपका असतोच.

*

हे सगळं समुद्रकाठचं आहे आणि मी राहतो पिंपरीच्या संत तुकाराम नगरात. इथे वायसीएम हॉस्पिटल आहे, वल्लभनगरचा एसटी आगार आहे, 2022 पासून मेट्रोचं स्टेशन आहे. समुद्र मात्र सह्याद्रीच्या पलीकडे, घाट उतरून. तरीही आर्टेमिया इथे रोज विकली जाते. पिंपरी-चिंचवडमध्ये घरोघरी काचेच्या टाक्या आहेत. पहिल्या पाळीला भोसरी-चाकणला जाऊन आलेली माणसं संध्याकाळी गप्पी आणि बेट्टाची वीण काढत बसतात. पिंपरीतल्या एका अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात गेलो, तर गल्ल्यावरचा पोरगा आधी एका गिऱ्हाइकाची समजूत घालत होता.

“किती दिवसांची फ्राय आहेत, काका?”

“काल मोकळी पोहायला लागली.”

“बेट्टाची ना? मग पहिले तीन-चार दिवस इन्फ्युझोरिया. नंतर बेबी ब्राइन. पावडरच्या नादी लागू नका, पाणी नासेल.”

इन्फ्युझोरिया म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, ‘बेबी ब्राइन’ म्हणजे आर्टेमियाची पिल्लं. दुकानात ती मिळत नाहीत, मिळतात त्यांची अंडी. खरं तर ती अंडी नव्हेत, कवचात बंद झालेले गर्भ आहेत. त्यांना सिस्ट म्हणतात. तपकिरी, कोरडी, रव्याहूनही बारीक पूड. कंपनीच्या सीलबंद डब्यातून काढून छोट्या पुड्या बांधलेल्या.

पुडी घरी आणली की पुढचं काम सोपं, पण काटेकोर. पाण्याच्या बाटलीचा तळ कापायचा आणि ती उलटी टांगायची. एक लिटर पाणी घ्यायचं. आपल्या नळाला पवनेचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं, म्हणून ते एक दिवस उघडं ठेवायचं. त्यात पंचवीस ते तीस ग्रॅम जाडं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा, कारण आर्टेमियाला किंचित अल्कधर्मी पाणी लागतं. बाटलीच्या तोंडापर्यंत एअर पंपाची नळी सोडायची, म्हणजे बुडबुडे खालून उसळतात आणि एकही सिस्ट तळाशी बसत नाही. वर दिवा. तापमान पंचवीस ते अठ्ठावीस अंश. पिंपरीच्या डिसेंबरात हे तापमान राखायला हीटर लावावा लागतो, मे महिन्यात बाटली सावलीत ठेवावी लागते.

चोवीस तासांत बाटलीचा रंग पालटतो. तपकिरीचा नारिंगी होतो. हवा बंद करून दहा मिनिटं थांबलं की आतला माल आपोआप वेगळा होतो. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेल्या सिस्ट खाली जातात आणि मधली जिवंत पिल्लं उजेडाकडे झेपावतात. बाटलीच्या एका अंगाला टॉर्च धरला की नारिंगी धुकं तिथे गोळा होतं. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येकाच्या कपाळावर एकच लाल डोळा आणि पाणी कापणारे दोन मोठे हात. हे धुकं नळीनं ओढून बारीक कापडावर गाळायचं, गोड्या पाण्यानं धुवायचं आणि टाकीत सोडायचं. बेट्टाची पिल्लं तुटून पडतात. पाच मिनिटांनी त्यांची पारदर्शक पोटं नारिंगी दिसू लागतात.

यात वेळेला फार किंमत आहे. जन्मल्यानंतरच्या पहिल्या अवस्थेत आर्टेमिया काहीच खात नाही, स्वतःच्या बलकावर जगते. साधारण आठ तासांनी कात टाकून ती दुसऱ्या अवस्थेत जाते आणि तोंड उघडतं. तोवर तिच्या अंगातली बरीचशी ऊर्जा खर्च झालेली असते. सकाळची आर्टेमिया संध्याकाळी घातली, तर माशाचं पोट भरतं, पोषण कमी होतं. म्हणून मोठ्या हॅचरीत दिवसातून अनेकदा ताजी वीण काढतात. किंवा तोंड उघडल्यावर तिलाच आधी माशाच्या तेलाचं सूक्ष्म मिश्रण चारतात आणि मगच माशापुढे ठेवतात.

*

ही पूड डब्यात वर्षानुवर्षं टिकते कशी? आर्टेमिया ज्या पाण्यात राहते ते बेभरवशाचं असतं. कधी आटतं, कधी पावसानं गोडं होतं. दिवस चांगले असले की मादी थेट जिवंत पिल्लं देते. खारटपणा वाढला, प्राणवायू कमी झाला, म्हणजे संकट दिसलं, की ती पिल्लांऐवजी सिस्ट देते. सिस्टमधला गर्भ पाणी गमावतो, त्याची जागा ट्रेहॅलोज नावाची साखर घेते आणि चयापचय जवळपास थांबतो. वाऱ्यावर किनाऱ्याला लागलेला सिस्टचा हा थर वर्षानुवर्षं कोरडा राहिला तरी पाणी लागताच जागा होतो. 1972 साली अपोलो 16 यानातून चंद्राकडे गेलेल्या जीवांमध्ये आर्टेमियाच्या सिस्ट होत्या. अंतराळातल्या किरणांचा सजीवांवर काय परिणाम होतो, ते तपासायला असा सोशीक जीव सोयीचा होता.

मत्स्यशेतीच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की हे जिवंत खाद्य डब्यात बंद करून जगात कुठेही पाठवता येतं. जिवंत खाद्यांत ही सोय जवळपास एकट्या आर्टेमियाची. 1933 साली अमेरिकेत अल्विन सील यांनी तिची पिल्लं माशांच्या पिल्लांना चारता येतात हे दाखवलं. पुढे नॉर्वेतही ते सिद्ध झालं. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम सिस्टमधून दोन ते तीन लाख पिल्लं निघतात, म्हणजे एका किलोतून वीस ते तीस कोटी. आज जगात वर्षाला हजारो टन सिस्ट लागतात आणि त्यांचा मोठा वाटा अमेरिकेतल्या युटा राज्यातलं ग्रेट सॉल्ट लेक पुरवतं. शरद ऋतूत तिथे पाण्यावर सिस्टचे लांबच लांब तपकिरी-लाल पट्टे येतात. विमानातून ते हेरायचे आणि बोटींनी वेढून उपसायचे, असा हा हंगाम. पिंपरीच्या दुकानातल्या डब्यावरही याच तळ्याचं नाव होतं.

पण तळं कुणाच्या मालकीच्या शेतासारखं वागत नाही. 2022 साली ग्रेट सॉल्ट लेकचं पाणी इतिहासातल्या नीचांकी पातळीला गेलं. खारटपणा इतका वाढला की आर्टेमियाचंच काय होणार, ही चिंता तिथल्या शास्त्रज्ञांना लागली. जगभरच्या कोळंबीच्या पिल्लांचा घास एका आटत्या सरोवरावर टेकलेला आहे, हे तेव्हा अनेकांना नव्यानं कळलं.

*

महाराष्ट्रात हा जीव सापडला त्याला सात दशकं उलटून गेली. 1953 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये सी. व्ही. कुलकर्णी यांची एक छोटी नोंद छापून आली. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया सापडल्याची ती बातमी होती. कुलकर्णी राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातले. पुढे ते खात्याचे संचालक झाले. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था निघाली ती त्यानंतर, 1961 साली. म्हणजे देशात कोळंबीच्या हॅचऱ्या उभ्या राहण्याच्या कितीतरी आधी, त्यांना पुढे लागणारं खाद्य आपल्या दारात आहे हे एका मराठी मत्स्यशास्त्रज्ञानं लिहून ठेवलं होतं.

मिठागरात ती का सापडावी, हे समजून घेण्यासारखं आहे. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी बांधातल्या मोरीतून आत घेतात. ते एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवतात. ऊन आणि वारा पाणी उडवत जातात, खारटपणा चढत जातो. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. शेवटच्या कोंडीत, जिथे मिठाचा दाणा धरतो, तिथे त्याच्या सात-आठपट. या दोन टोकांच्या मध्ये एक पट्टा असा येतो की तिथे मासे तग धरत नाहीत, बहुतेक कीटकही नाहीत. शत्रूच नसलेल्या त्या पाण्यात आर्टेमिया फोफावते. शेवाळ गाळून खाणं हाच तिचा उद्योग असल्यामुळे पाणी स्वच्छ राहतं आणि मीठही चांगल्या प्रतीचं निघतं. आगराला तिचा जाच नाही, झाला तर फायदाच.

मग वडाळ्याच्या आर्टेमियाचा उद्योग का उभा राहिला नाही? पहिलं उत्तर लगेच सुचतं: पाऊस. जूनमध्ये कोकणचा पाऊस सुरू झाला की मिठागरं भरतात, खारटपणा धुऊन जातो आणि आर्टेमियाचा हंगाम संपतो. ग्रेट सॉल्ट लेकसारखा बारमाही खारट साठा इथे नाही.

उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या मुखाजवळ विन्ह चाऊ नावाचा मिठागरांचा भाग आहे. पाऊस तिथेही धो धो पडतो. मिठाचा हंगाम तिथेही कोरड्या महिन्यांपुरताच. आर्टेमिया तर तिथे मुळात नव्हतीच. 1980 च्या दशकात कॅन थो विद्यापीठातल्या लोकांनी बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या मदतीनं सॅन फ्रान्सिस्को उपसागरातल्या जातीच्या सिस्ट तिथे आणल्या. गेंटमध्ये पॅट्रिक सॉर्जेलूस यांनी 1978 साली खास आर्टेमियासाठी केंद्र काढलं होतं. विन्ह चाऊत दर कोरड्या हंगामात कोंड्यांत नव्यानं पिल्लं सोडायची, शेजारच्या तळ्यात कोंबडीखत टाकून हिरवं पाणी तयार करायचं, ते कोंडीत सोडायचं आणि वाऱ्यानं बांधाशी जमलेल्या सिस्ट रोज जाळीनं गोळा करायच्या. पावसाळा आला की सगळं विसर्जन, पुढच्या हंगामात पुन्हा पेरणी. मीठ पिकवणाऱ्या कुटुंबांना मिठापेक्षा सिस्टचे पैसे जास्त मिळू लागले आणि विन्ह चाऊच्या सिस्टना बाजारात नाव मिळालं. पावसावर त्यांनी मात केली नाही. पावसाच्या वेळापत्रकात बसणारी शेती केली. हे आपल्या भातशेतीला ठाऊक नाही असं कोण म्हणेल?

भारतातही प्रयत्न झाले. सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाच्या राजीव गांधी जलसंवर्धन केंद्रानं तमिळनाडूत आर्टेमियाचं उत्पादन करून ‘पर्ल’ नावानं ती बाजारात आणली. आपल्याकडच्या मिठागरांत मात्र मीठ पिकवणारे एकीकडे आणि मासे पिकवणारे दुसरीकडे राहिले.

*

आर्टेमियाच्या मागे जग लागलं ते सोयीमुळे. माशाच्या पिल्लाचा नैसर्गिक आहार ती कधीच नव्हती, कारण समुद्रात आर्टेमिया राहतच नाही. समुद्रातली पिल्लं खातात कोपेपॉड. हेही कवचधारी, बहुतेक जाती एक-दोन मिलिमीटरच्या आत. त्यांची नवजात पिल्लं तर शंभर मायक्रॉनहूनही लहान. गोबऱ्यासारख्या माशाच्या पिल्लाचं तोंड इतकं चिमुकलं असतं की मोठा रोटिफर त्यात मावत नाही, तिथे कोपेपॉडची पिल्लं उपयोगी पडतात. शिवाय आर्टेमियात जवळपास नसलेलं डीएचए हे मेदाम्ल कोपेपॉडच्या अंगात मुळातच असतं, आणि डोळे आणि मेंदू घडायला तेच लागतं.

मग सगळे कोपेपॉडच का वाढवत नाहीत? कारण ते गर्दी सहन करत नाहीत. रोटिफर एका मिलिलिटरमध्ये शेकड्यांनी वाढतात. अकार्शियासारखे कोपेपॉड त्याच जागेत एक-दोनच. दाटी झाली की मोठे कोपेपॉड स्वतःचीच अंडी-पिल्लं खातात. त्यांना लागतं जिवंत, योग्य मापाचं शेवाळ, तेही रोज. म्हणजे बाजूला आयसोक्रायसिससारख्या शेवाळाची आणखी एक शेती. त्यात एखादा परका सूक्ष्मजीव शिरला की दोन दिवसांत सोनेरी-तपकिरी पाणी पांढरं पडतं. केरळमधल्या विळिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं पार्व्होकॅलॅनस, अकार्शिया अशा जाती टिकवून वाढवण्याचं काम चिकाटीनं केलं आहे. टाकीत जाती तगवणं आणि हॅचरीला रोज पुरेल एवढा माल काढणं यांत किती अंतर आहे, ते तिथल्या कामावरून कळतं.

हे अंतर पिंपरीला अनोळखी नाही. 1954 साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती पेनिसिलिनची बुरशी टाक्यांत वाढवण्यासाठी. प्रयोगशाळेतली बशीभर बुरशी हजारो लिटरच्या टाकीत न्यायची म्हणजे काय, हवा किती, खाद्य किती, बाहेरचा एक जंतू शिरला तर अख्खा घाणा कसा वाया जातो, हे इथल्या कामगारांच्या एका पिढीनं हातानं शिकलं आहे. कोपेपॉडच्या शेतीला लागणारं कौशल्य त्याच जातीचं: निर्जंतुक हात, सतत हवा, न चुकणारं घड्याळ. समुद्र जवळ असणं ही त्यातली गौण अट.

*

आर्टेमियाच्या शेतीला एक दुखरी बाजूही आहे. विन्ह चाऊची नक्कल करायची तर परकी आर्टेमिया आणावी लागते, आणि ती आणल्याचे परिणाम दिसलेले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोची जात झपाट्यानं वाढते. भूमध्य समुद्राकाठच्या अनेक मिठागरांतून तिनं स्थानिक जातींना हुसकून लावलं. भारतातल्या मिठागरांतही तेच घडत असल्याचं कोचीच्या शास्त्रज्ञांनी 2012 साली ‘हायड्रोबायोलॉजिया’ या नियतकालिकात दाखवून दिलं. हॅचरीतून वाहत्या पाण्याबरोबर निसटलेल्या सिस्ट पुरेशा असतात. मुंबईच्या मिठागरांतली मूळ आर्टेमिया बहुधा नराविनाच वीण देणाऱ्या जातींपैकी. तिचे गुण वेगळे, आणि एकदा ती गेली की डब्यातून परत मिळायची नाही.

ती राहते त्या जागाच आता आकसत आहेत. मुंबईत पाच हजारांहून अधिक एकर मिठागरांची जमीन आहे. 2024 साली मुलुंड, कांजूरमार्ग आणि भांडुपमधली सुमारे 256 एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी द्यायला मंजुरी मिळाली. घरं हवीत, याबद्दल वाद नाही. पण त्या चर्चेत मिठागर म्हणजे ‘पडीक जमीन’ असं धरलं गेलं, ते धरणाऱ्यांनी कोंडीत कधी हात घातलेला नसावा.

वडाळ्याची नोंद करणाऱ्या कुलकर्णींच्या नावावर आणखी एक काम आहे. निवृत्तीनंतर ते लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावावर महसीरच्या पैदाशीत रमले. कर्नल साइक्सनं 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून नोंदवलेला हा खडशी मासा धरणांमुळे आणि शिकारीमुळे दुर्मिळ होत चालला होता. देहू-आळंदीच्या डोहांत लोकांनी श्रद्धेनं राखला म्हणून इंद्रायणीत तो दिसायचा. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी त्याची कृत्रिम पैदास बसवली आणि फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानानं पाठवता येतात हेही दाखवलं. तिथून निघालेलं बीज अनेक राज्यांच्या नद्या-तलावांत गेलं.

माणूस तोच, नजर तीच. महसीरच्या मागे तलाव होता, पगारी माणसं होती, दर पावसाळ्यात पुन्हा वीण काढायची जबाबदारी असलेली कंपनी होती. वडाळ्याच्या आर्टेमियाच्या मागे फक्त जर्नलमधली एक नोंद होती. शोध पुरेसा असता, तर आज पिंपरीतल्या डब्यावर वडाळ्याचं किंवा उरणचं नाव असतं.

त्यामुळे आता मागायचं ते नवं संशोधन नव्हे. रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय 1981 पासून आहे, वर्सोव्याची संस्था आहे, ऐरोलीला क्लाऊनफिशची पैदास सुरू आहे, उरण-पेण आणि शिरोड्याला मिठागरं आहेत. मागायचं ते एवढंच की यांपैकी एका मिठागराच्या दोन-चार कोंड्या स्थानिक आर्टेमियासाठी राखून ठेवाव्यात, मीठ पिकवणाऱ्यालाच तिचा हिस्सेदार करावं, आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा पेरणी कुणी करायची त्याचं नाव पहिल्याच वर्षी ठरवावं. शेती तेवढ्यानंच उभी राहते. खारेपाटातल्या जिताड्याचं बीज मग कुठल्याही राज्यातून येवो, त्याचा सुरुवातीचा एखादा घास तरी कोकणातला असू शकेल.